सोंडा लावल्याने भीती येत नाही: आरपीजीच्या टेबलावर कॉस्मिक हॉररचा राक्षस कसा उतरवायचा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) या आरपीजीची, म्हणजे फासे टाकून भूमिका वठवायच्या खेळाची, पाच-सहा सेशनं चालवून झाली की नव्या जीएमला (खेळ चालवणाऱ्याला) ऑर्क-गॉब्लिनचा कंटाळा येतो. वाटतं, आता काहीतरी लव्हक्राफ्टच्या धर्तीचं कॉस्मिक हॉरर आणू, म्हणजे माणसाची पर्वाच नसलेल्या अफाट गोष्टींची भीती. मग मॉन्स्टर मॅन्युअल या राक्षसांच्या पुस्तकातून भरपूर डोळ्यांचा किंवा भरपूर सोंडांचा एखादा प्राणी निवडला जातो, खोलीतला दिवा मंद होतो, आवाज खाली आणून वर्णन सुरू होतं. तिसऱ्या राउंडला फायटर खेळणारा विचारतो, "अजून किती हिट पॉइंट उरलेत याचे?" आणि सगळं मुसळ केरात.

यात दोष खेळाडूचा नाही आणि दिव्याचाही नाही. गोष्टीतला राक्षस भयानक वाटतो, कारण त्याचं माप निघत नाही. आरपीजीतला राक्षस मात्र मापांनीच बनतो: आर्मर क्लास (वार लागायला किती अवघड), हिट पॉइंट (किती मार सोसेल), चॅलेंज रेटिंग (एकूण किती कठीण). हे दोन्ही एकत्र नांदवायचे प्रयोग पन्नास वर्षं चाललेत. त्यांतले काही फसले, काही उत्तम जमले. ते माहीत असले तर पहिल्याच खेपेच्या बऱ्याच चुका टळतात.

जमवायचं सामान:

- तीन ते चार खेळाडू. पाचच्या वर नकोच, गर्दीत थट्टामस्करी वाढते.
- सलग साडेतीन-चार तास, मध्ये एक चहा.
- नेहमीच्या सात फाशांचा संच. 'कॉल ऑफ कथुलू' (लव्हक्राफ्टच्या कथांवरचा आरपीजी) खेळणार असाल तर त्यातले दोन डी१०, म्हणजे दहा-पृष्ठी फासे, शेकड्यासाठी (१ ते १०० मधला आकडा काढायला) लागतील.
- डीअँडडीसाठी एसआरडी ५.१, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा दस्तऐवज. हा जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. 'कॉल ऑफ कथुलू'साठी केऑसियम कंपनीचा मोफत क्विक-स्टार्ट, त्यात एक तयार साहसही मिळतं.
- दहा-बारा कोऱ्या चिठ्ठ्या. ऑनलाइन खेळत असाल तर प्रत्येक खेळाडूशी खासगी चॅट उघडून ठेवा.

१. आधी वंशावळ बघा

ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सचा एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) हा या प्रकाराचा मूळपुरुष. त्याची कथुलू या समुद्रतळाशी झोपलेल्या राक्षसी देवाची कथा 'विअर्ड टेल्स' मासिकाच्या फेब्रुवारी १९२८ च्या अंकात आली. डीअँडडी आलं १९७४ मध्ये. त्याच्या दोन कर्त्यांपैकी गॅरी गायगॅक्सने १९७९ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये 'अपेंडिक्स एन' नावाची वाचनयादी दिली आणि खेळावर सर्वांत थेट प्रभाव असलेल्या मोजक्या लेखकांत लव्हक्राफ्टचं नाव घेतलं. पण कोणत्या राक्षसाने नेमकं काय उचललं, हे वेगवेगळं बघावं लागतं.

माइंड फ्लेअर, म्हणजे तोंडाला सोंडा असलेला मेंदूखाऊ राक्षस, पहिल्यांदा दिसला १९७५ मध्ये, 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू'च्या पहिल्या अंकात. ब्रायन लम्लीच्या एका कादंबरीचं मुखपृष्ठ बघून तो सुचला, असं गायगॅक्सने सांगितलं होतं. म्हणजे कथेतून आलाच नाही, चित्रातून आला. उसना घेतला तो फक्त चेहरा. तरी तो टिकला, त्याचं कारण चेहऱ्यापेक्षा नियमात आहे. पाचव्या आवृत्तीत त्याचा माइंड ब्लास्ट ६० फुटांच्या शंकूतल्या सगळ्यांना बधिर करू शकतो, आणि बधिर झालेल्याला एकदा धरलं की तो मेंदू काढायला बसतो: १०डी१० (दहा दहा-पृष्ठी फाशांची बेरीज) नुकसान. हळूहळू हिट पॉइंट कमी होण्याची सवय लागलेल्या खेळाडूला हा धक्का बसतो.

कुओ-टोआ ही १९७८ मधली मासेमाणसं. त्यांचे चुलत भाऊ म्हणजे लव्हक्राफ्टच्या १९३६ मध्ये छापलेल्या इन्समथच्या दीर्घकथेतले 'डीप वन्स'. इथे उसनवारी फसली. त्या कथेतला खरा धक्का शेवटी येतो, पळून वाचलेला निवेदक स्वतःच त्यांच्या रक्ताचा निघतो. खेळात उरली फक्त भाले घेतलेली आणखी एक टोळी. पाचव्या आवृत्तीने थोडी भरपाई केली: हे कुओ-टोआ मनाने एखादा देव रचतात, आणि त्यांच्या श्रद्धेच्या जोरावर तो खरोखर अस्तित्वात येऊ शकतो. टेबलावर वापरायला ही कल्पना भाल्यांच्या कितीतरी पुढची आहे.

गिबरिंग माउदर, म्हणजे डोळ्यांचा आणि तोंडांचा बरळणारा गोळा, १९८३ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल २'मध्ये आहे. अंटार्क्टिकावरच्या लव्हक्राफ्टच्या कादंबरीतला शॉगॉथ वाचला असेल तर नातं लगेच ओळखू येतं. अबोलेथ, म्हणजे पाण्यात राहून मनांचा ताबा घेणारा राक्षस, १९८१ चा, डेव्हिड 'झेब' कुकच्या साहसातला. त्याच्याकडे पुढे सविस्तर येऊ.

आता देवांची बाजू. १९८० च्या 'डीटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये कथुलूचं अख्खं देवमंडळ आकड्यांसकट छापलं होतं. नंतरच्या आवृत्तीतून ते काढलं आणि १४४ पानांचं पुस्तक १२८ वर आलं. पाथफाइंडर या दुसऱ्या आरपीजीने २०१३ मध्ये कथुलूला चॅलेंज रेटिंग ३० दिलं. आकडा कितीही मोठा असो, तो छापला की मारण्याचा हिशेब सुरू होतो.

खरी कलाटणी दिली १९८१ मध्ये सँडी पीटरसनच्या 'कॉल ऑफ कथुलू'ने. त्याने राक्षस बदलायच्या आधी पात्राच्या कागदावर एक नवा रकाना टाकला: सॅनिटी, म्हणजे डोकं किती ठिकाणावर आहे त्याचा आकडा. डीअँडडीकडे १९९६ मध्ये ब्रूस कॉर्डेलच्या साहसातून 'फार रेल्म' आलं, म्हणजे ओळखीचे कुठलेच नियम चालत नाहीत अशी विश्वाबाहेरची जागा. तुम्हाला राक्षस उभा करायचा असेल तर चेहरा कुठूनही घ्या, पण शिकायचं असेल तर पीटरसनकडून शिका.

२. त्याला भूत करू नका

मराठी टेबलांवर हमखास होणारी चूक हीच. आपल्याकडे भीतीची परंपरा भुतांची आहे, आणि भुताला काहीतरी हवं असतं. मुंज्याचा पिंपळ ठरलेला, गिऱ्ह्याचं पाणी ठरलेलं, हडळीचं वैर ठरलेलं. उतारा टाकता येतो, नारळ-कोंबडं देता येतं, देवाला कौल लावता येतो. थोडक्यात, भुताशी व्यवहार होतो. नारायण धारपांच्या समर्थ-कथांवर वाढलेल्या वाचकाला तर पाठीशी एक चांगली शक्ती उभी असण्याचीही सवय असते.

कॉस्मिक हॉररमधल्या राक्षसाला तुमच्याकडून काही नको असतं. त्याच्यावर अन्याय झालेला नाही, त्याला सूड घ्यायचा नाही, आणि तुमच्या पापपुण्याशी त्याचं देणंघेणं नाही. रस्त्यावर रोलर फिरतो तेव्हा मुंग्यांवर त्याचा राग नसतो. तसं काहीसं.

म्हणून राक्षस लिहून झाला की त्याला तीन प्रश्न विचारा. त्याला काय दिलं तर तो निघून जाईल? तो इथे का आला याचं कारण एखाद्या माणसाच्या कर्मात आहे का? कुठला मंत्र किंवा देव त्याला हमखास हरवतो? एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर येत असेल तर तुम्ही भूतकथा लिहिली आहे. चांगली असेल, पण वेगळी आहे.

दुसरा सापळा जास्त गंभीर आहे. लव्हक्राफ्ट वर्णद्वेषी होता. इन्समथची भीती 'रक्ताची सरमिसळ' या कल्पनेवर उभी आहे. ती कथा जशीच्या तशी कोकणात आणून एखाद्या कोळीवाड्यातल्या लोकांना मासेमाणसं केलंत तर तुमच्या हातून जातीवरची शिवी लिहिली जाते, हेतू काहीही असो. 'बाटलेलं गाव', 'अशुद्ध कूळ', 'त्या वस्तीतले लोक' हे शब्द टिपणांत दिसले की खोडा. कलंक जन्माने येऊ देऊ नका. त्या गोष्टीजवळ जो जाईल त्याला तो लागू दे, मग तो जमीनदार असो वा पुजारी, आणि खेळाडूंच्या पात्रांनाही सुटका नको.

३. नियमसंच ठरवा

पात्रं मेली तर चालणार आहे का आणि मोहीम किती लांब आहे, यावर निवड ठरते.

एका रात्रीचा खेळ असेल तर ग्रॅहम वॉल्म्सलीचा 'कथुलू डार्क' घ्या. मूळ नियम चारेक पानांचे. प्रत्येकाकडे वेडाचा एक सहा-पृष्ठी फासा, सुरुवात १ पासून. काही भयंकर दिसलं की फासा टाकायचा, सध्याच्या आकड्यापेक्षा जास्त पडलं तर आकडा एकाने वाढवायचा. ६ झाले की पात्र संपलं. राक्षसाशी लढायचा नियम एका ओळीचा आहे: लढलात तर मरता. हिट पॉइंटचा प्रश्न विचारायलाच जागा ठेवलेली नाही.

चार-सहा सेशनं आणि तपास हवा असेल तर 'कॉल ऑफ कथुलू'. पात्रं सामान्य माणसं असतात, साधारण दहा-बारा हिट पॉइंटची. .३८ च्या रिव्हॉल्व्हरची एक गोळी १डी१० नुकसान करते. त्यामुळे बंदूकधारी माणूसही भीतिदायक वाटतो, राक्षस तर दूरच.

आधीच डीअँडडी चालू असेल तर मोहीम मोडू नका, त्यातच एक अबोलेथ किंवा माउदर आणा. पण पाचव्या पातळीच्या वर पात्रं अडचणीतून सहज निसटतात, आणि दहाव्याच्या पुढे टेलिपोर्ट, पुनरुज्जीवन वगैरे हाताशी आलं की असहायता उभी करणं फार कठीण होतं. तिसरी ते पाचवी पातळी उत्तम.

४. राक्षसाला एकच नियम मोडू द्या

नवा जीएम राक्षसावर सगळंच लादतो. तो भिंतीतून जातो, काळ थांबवतो, स्वप्नात येतो, स्पर्शाने कुजवतो. असं झालं की खेळाडूंना धागा सापडत नाही आणि ते हात टेकतात. एकच नियम निवडा, पण तो असा हवा की ज्यावर आपण न बोलता विसंबून असतो. उदाहरणं:

- आवाजाला उगम असतो.
- मेलेलं माणूस नवं काही शिकत नाही.
- आपली आठवण आपलीच असते.
- खोलीला कोपरे जितके दिसतात तितकेच असतात.

मग त्या मोडलेल्या नियमाचा खेळात दिसणारा एक परिणाम लिहा, फाशांसकट. परिणाम नसेल तर ते नुसतं वातावरण राहतं. 'आवाजाला उगम नाही' हे निवडलं तर परिणाम असा असू शकेल: त्या जागेत आवाजावरून दिशा ओळखण्याच्या प्रत्येक परसेप्शन चाचणीला दोनदा फासा टाकून कमी आकडा घ्यायचा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज, आणि १ पडला तर खेळाडूला स्वतःच्या पात्राचा आवाज समोरून ऐकू येतो. एवढं पुरे.

५. आकडे लावा: अबोलेथचं उदाहरण

अबोलेथ निवडण्याचं कारण, त्याचा पूर्ण स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता) एसआरडीत मोफत आहे आणि तो नीट वाचला तर बरंचसं आतच सापडतं. त्याचा मोडलेला नियम आहे विस्मरण. तो काहीच विसरत नाही. पूर्वजांच्या आठवणीही त्याच्याच असतात, अगदी देवांच्या आधीच्या काळापर्यंतच्या.

आर्मर क्लास १७, हिट पॉइंट १३५, चॅलेंज रेटिंग १०, म्हणजे ५,९०० एक्सपी (अनुभवगुण). पाचव्या पातळीच्या चार पात्रांसाठी २०१४ च्या नियमांप्रमाणे 'डेडली' चकमकीची मर्यादा ४,४०० आहे. समोरासमोर लढणं म्हणजे आत्महत्या. हेच हवं आहे, फक्त ते खेळाडूंना लढाईच्या आधी कळलं पाहिजे (सहावी पायरी बघा).

आता त्याची हत्यारं, महत्त्वाच्या क्रमाने.

प्रोबिंग टेलिपथी: एखाद्या पात्राने त्याच्याशी मनाने संवाद साधला आणि तो त्या पात्राला बघू शकत असेल, तर पात्राची सर्वांत तीव्र इच्छा त्याला कळते. हा नियम बहुतेक जीएम वाचून सोडून देतात, आणि खरं सोनं इथेच आहे. पहिल्या सेशनच्या आधी प्रत्येक खेळाडूकडून चिठ्ठीवर एक ओळ लिहून घ्या: 'माझ्या पात्राला सर्वांत जास्त काय हवंय, जे त्याने कुणालाच सांगितलेलं नाही.' नंतर पाण्याकाठी एकट्या असलेल्या पात्राच्या मनात एक साधा प्रश्न येऊ द्या: "थंडी वाजते का?" खेळाडूने उत्तर दिलं की चिठ्ठी उघडा. पुढच्या वेळी तो आवाज ती गोष्ट देऊ करेल. दुसऱ्या पायरीतलं इथे विसरू नका: हा सौदा नाही, आमिष आहे. माशाला गळ टाकणारा माशाशी बोलणी करत नाही.

एन्स्लेव्ह: दिवसातून तीनदा, ३० फुटांच्या आत, विज्डम सेव्ह डीसी १४ (बचावाचा फासा आणि पात्राचा विज्डमचा बोनस मिळून १४ तरी हवेत). फसला तर पात्र त्याच्या ताब्यात. इथे हमखास गडबड होते, कारण पात्र हातचं गेलं की खेळाडू फोन काढून बसतो. उपाय असा की पात्र खेळाडूकडेच ठेवा आणि त्याला चिठ्ठीवर फक्त एक हुकूम द्या, उदाहरणार्थ, 'कुणालाही विहिरीचं झाकण लावू देऊ नकोस.' खेळाडू स्वतःच्या मित्रांविरुद्ध मन लावून खेळतात, त्यांना फक्त काम द्यावं लागतं. पात्राला नुकसान झालं की पुन्हा सेव्ह मिळतो, आणि अबोलेथपासून किमान एक मैल दूर असताना दर २४ तासांनी एकदा. हे दोन्ही आकडे स्वतःच्या कागदावर ठळक लिहून ठेवा. घाईत तेच विसरतात.

म्यूकस क्लाउड: पाण्यात त्याला स्पर्श झाला किंवा पाच फुटांतून वार केला तर कॉन्स्टिट्यूशन सेव्ह डीसी १४. फसल्यास १डी४ तास फक्त पाण्यातच श्वास घेता येतो. आता बाहेर काढलेलं पात्र गुदमरतं. श्वास रोखण्याची मर्यादा १ अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर इतकी मिनिटं. बरोबरच्यांना मित्राचं डोकं पिंपात बुडवून धरावं लागतं, आणि भीतीचा प्रसंग आपोआप उभा राहतो. जीएमने एक शब्द बोलायची गरज नसते.

शेपूट आणि सोंडांचे वार शेवटी. पाण्याखालच्या लढाईचे नियम मात्र आधी वाचून ठेवा: पोहण्याचा वेग नसेल तर खंजीर, भाला, शॉर्टसोर्ड, त्रिशूळ, जॅव्हलिन सोडून बाकी हातघाईच्या शस्त्रांना डिसअ‍ॅडव्हान्टेज, आणि पूर्ण बुडालेल्यांना आगीच्या नुकसानाला रेझिस्टन्स. फायरबॉलवर विसंबलेला विझर्ड इथे अडतो. तक्रार होईल, म्हणून हे पाण्यात उतरायच्या आधीच सांगा.

कमी पातळीच्या गटासाठी गिबरिंग माउदर सोपा: चॅलेंज रेटिंग २, हिट पॉइंट ६७, वेग फक्त १० फूट. त्याच्या २० फुटांत पाळी सुरू करणाऱ्याने विज्डम सेव्ह डीसी १० करायचा. फसला तर डी८: १ ते ४ काहीच करत नाही, ५–६ भलत्याच दिशेला चालत सुटतो, ७–८ जवळच्या कुणावर तरी वार करतो. वेग इतका कमी की खेळाडू लांबून बाण मारून त्याला संपवतात. म्हणून अरुंद जागा निवडा, दहा फूट रुंद भुयार किंवा जिना, आणि मागे जायची वाट अवघड ठेवा. त्याच्या तोंडांतून आधी खाल्लेल्या माणसांची अर्धी वाक्यं येऊ द्या, पण ती वाक्यं खेळाडूंनी आदल्या सेशनला त्या माणसांच्याच तोंडून ऐकलेली असली पाहिजेत.

६. खुणा आधी पेरा

राक्षस पहिल्यांदा दिसेपर्यंत अर्धं साहस उलटलेलं असावं. अबोलेथच्या परिसराचे परिणाम २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये दिलेले आहेत (एसआरडीत नाहीत): एक मैलाच्या आत जमिनीखालच्या भिंती बुळबुळीत आणि ओल्या, पाण्याचे साठे नासलेले, त्याच्या शत्रूंनी ते पाणी प्यायलं की काही मिनिटांत उलटी. शिवाय एक मैलाच्या परिघात तो स्वतःची भ्रामक प्रतिमा उभी करू शकतो. ही क्रमवारी वापरा:

- पहिला दिवस: गावातल्या तळघरांत ओल. लोक पावसाला दोष देतात.
- दुसरा: पात्रांना पाणी पचत नाही, गावकऱ्यांना पचतं. (का ते सांगू नका. खेळाडू लावतील तो अर्थ तुमच्यापेक्षा वाईट असतो.)
- तिसरा: ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशी दोन माणसं एकच जुनी आठवण सांगतात, शब्द न् शब्द सारखी.
- चौथा: एक हुशार, सशस्त्र, पात्रांपेक्षा बलवान माणूस खाली जातो. परत येतो, धडधाकट असतो, आणि पुन्हा खाली जायला निघतो.

चौथी खूण गाळू नका. 'लढून भागणार नाही' हे सांगणारी तीच आहे. ती नसेल तर पात्रं सरळ तलवारी काढतात आणि सगळी मरतात, मग खेळाडूंना घाबरल्यासारखं नाही, फसवल्यासारखं वाटतं.

महत्त्वाची खूण फाशांच्या भरवशावर ठेवू नका. २००८ मध्ये आलेल्या केनेथ हाइटच्या 'ट्रेल ऑफ कथुलू'ने हा प्रश्न सोडवला: योग्य कौशल्य असलेलं पात्र योग्य जागी गेलं की गाभ्याचा धागा मिळतोच, फासा लागत नाही. हा नियम कुठल्याही खेळात चालतो. फासे टाकायचे ते जास्तीच्या माहितीसाठी.

७. सॅनिटी जपून वापरा

'कॉल ऑफ कथुलू'च्या सातव्या आवृत्तीत सुरुवातीची सॅनिटी पात्राच्या पॉवरइतकी असते. राक्षसासमोर दोन आकडे असतात. शेकड्यावर सॅनिटीइतकं किंवा कमी पडलं तर पहिल्या आकड्याइतकी घट, नाहीतर दुसऱ्या. डीप वन ०/१डी६, शॉगॉथ १डी६/१डी२०, कथुलू १डी१०/१डी१००. एका फटक्यात पाच किंवा जास्त गेली तर इंटेलिजन्सची चाचणी, आणि ती यशस्वी झाली तर वेड लागतं. नवे जीएम हे उलटं वाचतात. ते बरोबरच आहे: पात्राला समजलं, म्हणून सोसवलं नाही. चाचणी फसली तर मन त्या दृश्यावर पडदा टाकतं. एका दिवसात सॅनिटीचा पाचवा हिस्सा गेला तर वेड लांबतं. आणि कथुलू मिथॉस कौशल्य जितकं वाढेल तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा ९९ मधून वजा होते. ज्ञानाची किंमत कागदावरच मांडलेली आहे. इतका नेमका नियम या प्रकारात दुसरा नाही.

काय चुकतं? एक, प्रत्येक प्रेतासाठी फासे टाकायला लावणं. एका सेशनला दोन, फार तर तीन सॅनिटी चाचण्या. दुसरं, वेड म्हणजे माकडचाळे. सिझोफ्रेनिया, ओसीडी अशी खऱ्या आजारांची नावं वापरू नका. टेबलावर कुणाच्या घरात ते असतं, तुम्हाला ठाऊक नसतं. त्याऐवजी खेळाडूला विचारा, "तुझं पात्र यापुढे काय करायला नकार देईल?" आरशात बघणार नाही, दार बंद करून झोपणार नाही, स्वतःचं नाव उच्चारणार नाही. हे खेळता येतं आणि लक्षातही राहतं.

डीअँडडीत २०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये सॅनिटी हा ऐच्छिक सातवा गुण आहे. एका साहसासाठी तो जोडायच्या फंदात पडू नका. सगळे सेव्ह, सगळी कागदपत्रं बदलावी लागतात आणि हाती फारसं काही लागत नाही. वरचा नकाराचा प्रश्न पुरतो.

सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, या मर्यादा ठरवून घ्या: काय अजिबात येणार नाही आणि काय आलं तरी पडद्याआड राहील. टेबलावर 'एक्स' लिहिलेलं एक कार्ड ठेवा. कुणीही बोट ठेवलं की तो प्रसंग तिथेच वगळायचा, कारण विचारायचं नाही. बुडणं, लहान मुलं, गर्भारपण आणि अंगावर वळवळणारे किडे यांबद्दल आवर्जून विचारा, या प्रकारात ते सतत येतात.

८. बोलताना

नाव घेऊ नका. 'अबोलेथ' म्हटलं की कुणीतरी मनातल्या मनात स्टॅट ब्लॉक उघडतो. माइंड फ्लेअरचं तर फारच अवघड झालंय. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेमनंतर तो घरचाच झाला आहे. चेहरा तरी बदला, नाहीतर दुसरा राक्षस घ्या.

'अवर्णनीय', 'शब्दांपलीकडचं', 'कल्पनेबाहेरचं' हे शब्द लव्हक्राफ्टला कागदावर चालून गेले, तुम्हाला तोंडी चालणार नाहीत. खेळाडूला काहीच दिसत नाही. तीन वाक्यं बोला: एक वास, एक आवाज, आणि एक गोष्ट जी जागेवर नाही. "ओल्या गोणपाटाचा वास येतोय. खाली कुणीतरी भांडी घासत असल्यासारखा आवाज. पाणी स्थिर आहे, पण तुझं प्रतिबिंब तुझ्या आधी खाली वाकलं." इथे थांबा. चौथं वाक्य खेळाडूचं.

आपल्या भाषेत या कामाचे शब्द भरपूर आहेत: लिबलिबीत, बुळबुळीत, खदखद, फसफस, चुबुकचुबुक. एका वर्णनात एकच वापरा. दोन आले की हसू येतं.

इनिशिएटिव्ह (लढाईतल्या पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा) शक्य तितका उशिरा टाका. पाळ्या सुरू झाल्या की डोकी हिशेबात जातात आणि भीती गेली. पात्रं पळत असतील तर इनिशिएटिव्ह नकोच, टेबलाभोवती क्रमाने प्रत्येकाला विचारा, "तू काय मागे टाकतोस?"

९. शेवट आधी लिहून ठेवा

शेवट न ठरवता सुरू केलं की दोनच गोष्टी होतात: सगळे मरतात, किंवा जीएम दया येऊन राक्षसाला मरू देतो. कथुलूचं उदाहरण बोलकं आहे. त्याचे हिट पॉइंट शून्यावर आले तरी तो फुटून वायू होतो आणि १० अधिक १डी१० मिनिटांत पुन्हा आकार घेतो. आकडे आहेत, पण ते वेळ विकत घेण्यापुरते. अबोलेथचंही तसंच, शरीर नष्ट झालं तरी आत्मा जलतत्त्वाच्या प्रतलात परत जातो आणि काही दिवसांत किंवा महिन्यांत नवं शरीर मिळवतो.

म्हणून विजयाची व्याख्या बदला. वाट बुजवणं, माणसं बाहेर काढणं, वीस मिनिटं मिळवणं, त्याचं लक्ष दुसरीकडे वळवणं. यांतल्या किमान दोन वाटा खरोखर जमण्याजोग्या हव्यात आणि तिसरी तुम्हाला न सुचलेली, खेळाडूंची, मान्य करायची तयारी हवी. प्रत्येक वाटेपुढे किंमत लिहा. विहीर बुजवली तर गावाला पाणी नाही. अशी किंमत असली की पुढच्या सेशनला खेळाडू त्याच गावाबद्दल विचारत येतात.

१०. छापायचं असेल तर

साहस चांगलं जमलं की पीडीएफ करून विकावंसं वाटतं. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. लव्हक्राफ्ट १९३७ मध्ये गेला, म्हणजे त्या कथा इथे केव्हाच मोकळ्या झाल्या. क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ १९६१ मध्ये गेला, त्याचं २०२२ पासून मोकळं. पण ऑगस्ट डर्लेथ (मृत्यू १९७१) आणि 'टिंडालॉसचे शिकारी कुत्रे' लिहिणारा फ्रँक बेलनॅप लाँग (मृत्यू १९९४) यांची साठ वर्षं अजून भरलेली नाहीत. कथुलूच्या दुनियेतलं सगळंच लव्हक्राफ्टचं, असं समजून लोक इथेच अडकतात. परदेशात विकणार असाल तर तिथला हिशेब वेगळा, अमेरिकेत जुन्या साहित्यासाठी प्रकाशनाचं वर्ष बघतात. जुना मराठी अनुवाद वापरत असाल तर अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो.

राक्षसांचंही तसंच. अबोलेथ, चूल, क्लोकर, ओटयुग, गिबरिंग माउदर हे एसआरडीत आहेत, वापरा. माइंड फ्लेअर आणि बिहोल्डर यांचे स्टॅट ब्लॉक त्यात नाहीत, त्यांना विकाऊ साहसात आणू नका. 'कॉल ऑफ कथुलू' या खेळाच्या नियमांवर लिहिलं असेल तर केऑसियमचा 'मिस्काटॉनिक रिपॉझिटरी' हा ड्राइव्हथ्रूआरपीजीवरचा कार्यक्रम आहे, त्याच्या अटी वाचून तिथेच टाका. एसआरडी वापरलं असेल तर त्याच्या पहिल्या पानावर श्रेयाचं जे वाक्य दिलं आहे ते शब्दही न बदलता तुमच्या पीडीएफमध्ये घ्या. त्याचा मराठी अनुवाद केलात तर मूळ वाक्याखाली द्या, मूळ वाक्याच्या जागी नको.